धनुष्यबाणाच्या शिकारीची नोंद: मोजतो कोण आणि खरेखोटे ठरवतो कोण?

निवृत्त_भूकरमापक (अंबाजोगाई), १२ डिसेंबर

सर्वांना नमस्कार. भूमी अभिलेख खात्यात ३१ वर्षे मोजणीचे काम केल्यामुळे कोणताही आकडा ऐकला की तो कुठून कुठपर्यंत मोजला, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. माझा भाचा विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला आहे. तिथल्या सहकाऱ्यांच्या संगतीने त्याला धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा छंद लागला असून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने रीतसर परवान्यावर पांढऱ्या शेपटीचे एक नर हरीण मारले. मला ही गोष्ट फारशी रुचलेली नाही, आणि माझ्या बहिणीने तर तेव्हापासून मुलाशी फोनवर धड बोलणे ठेवलेले नाही. परंतु तो वाद आमच्या घरचा आहे, तो इथे नको.

माझा प्रश्न मोजणीचा आहे. भाचा पहिल्या दिवशी म्हणाला की हरीण १३५ इंचांचे आहे. १३५ इंच म्हणजे सव्वाअकरा फूट होतात, आणि सव्वाअकरा फुटांचे हरीण आमच्या वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत येणार नाही. मग त्याने सांगितले की हा आकडा शिंगांचा आहे, त्याच्या मित्राने त्याच रात्री गॅरेजमध्ये टेप लावून तो काढला, आणि आता ६० दिवस थांबल्यानंतर अधिकृत मोजणीदार पुन्हा मोजणी करील. ती १२५ किंवा त्याहून अधिक भरली तर धनुष्यबाणाने केलेल्या शिकारीची नोंद ठेवणाऱ्या पोप अँड यंग क्लबच्या नोंदवहीत त्याचे नाव लागेल. त्याने मित्राच्या हातचा तक्ता पाठवला आहे. त्यात उजव्या बाजूची बेरीज ५९ ४/८, डाव्या बाजूची ५८ १/८ आणि दोन शिंगांमधील आतले अंतर १७ ३/८ असे लिहिलेले आहे. यांची बेरीज बरोबर १३५ येते, हे मी पडताळले. मात्र त्याच तक्त्याच्या तळाशी १३१ १/८ असा दुसराच आकडा आहे, आणि तो कसा आला हे भाच्याला स्वतःलाही नीट सांगता आले नाही.

तरी जाणकारांनी सांगावे की हे नेमके काय मोजतात, ६० दिवस कशासाठी थांबतात, आणि हरीण बाणानेच मारले, बंदुकीने नाही, याची खात्री हजारो मैलांवरचे कार्यालय कशी करून घेते? आमच्याकडे साधी हद्दकायम मोजणी असली तरी लगतधारकांना, म्हणजे शेजारच्या जमीनमालकांना, नोटीस काढावी लागते. तिथे लगतधारक कोण?

जाता जाता आणखी एक. आमच्या वाड्यात आजोबांच्या काळातली काळविटाची शिंगे भिंतीवर आहेत. तीही अशी कुठे नोंदवता येतात का, असे भाच्याने विचारले आहे.

गोदाकाठ (नांदेड), १२ डिसेंबर

काका, मी नोकरीनिमित्त नऊ वर्षे इलिनॉय राज्यात होतो. मी स्वतः कधी शिकार केली नाही, पण आमच्या शेजारचे गृहस्थ असे अधिकृत मोजणीदार होते आणि थंडीच्या दिवसांत त्यांच्या स्वयंपाकघरातील टेबलावर ही मोजणी मी अनेकदा पाहिली आहे. तुमच्या व्यवसायातील माणसाला ती आवडेल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

प्रथम एक लक्षात घ्यावे की काळविटाचे शिंग जन्मभर टिकते, तर या हरणाचे शिंग आपल्या सांबर-चितळासारखे दरवर्षी गळून पडते आणि नव्याने उगवते. त्याला एक मुख्य दांडा असतो आणि त्यावर वर निघालेले फाटे असतात. मोजतात ते याच सगळ्याला. कवटीजवळच्या खरबरीत कड्यापासून दांड्याच्या बाहेरील अंगाने टोकापर्यंतची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, आणि प्रत्येक दांड्याचा चार ठरावीक ठिकाणचा घेर, अशी दोन्ही बाजूंची मापे घेऊन त्यांत दोन दांड्यांमधील आतले अंतर मिळवतात. घेरासाठी पाव इंच रुंदीची पोलादी टेप वापरतात. दांड्याची लांबी बारीक पोलादी तारेनेही घेता येते. आमचे शेजारी तारेचे टोक कड्याशी चिमट्याने पकडून तार वळणावळणाने टोकापर्यंत नेत, तिथे खूण करीत आणि मग तीच तार सरळ पट्टीवर धरून आकडा वाचीत. घेर घेताना टेप वरखाली सरकवून त्या टप्प्यातली सर्वांत बारीक जागा शोधावी लागते. त्या वेळी शिकारी शेजारी उभा राहून ‘अजून थोडे वर घ्या’ असे म्हणू लागला की ते टेप खाली ठेवीत आणि त्याला कॉफी करायला पाठवीत.

सर्व मापे इंचाच्या आठव्या भागापर्यंत घेतात, आणि चार अष्टमांश आले तरी त्याचा ‘अर्धा’ न करता ४/८ असेच लिहितात, म्हणजे बेरजेत घोटाळा होत नाही. फाटा कशाला म्हणायचे याचाही नियम आहे: तो किमान एक इंच लांब हवा, आणि एक इंच किंवा त्याहून अधिक लांबीवर कुठेतरी त्याची लांबी तिथल्या रुंदीपेक्षा जास्त भरली पाहिजे. नाहीतर शिंगावरची प्रत्येक गाठ फाटा म्हणून मिरवली गेली असती.

आता तुमचे १३५ आणि १३१. ही पद्धत बून अँड क्रॉकेट या शिकाऱ्यांच्या क्लबची आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या या क्लबने आज चालणारी मोजणीपद्धत १९५० मध्ये स्वीकारली, आणि पोप अँड यंग क्लब तीच वापरतो. या पद्धतीत ‘टिपिकल’, म्हणजे नेहमीच्या घडणीच्या, शिंगांच्या गटात डाव्या-उजव्या बाजूंच्या सारखेपणाला महत्त्व आहे. उजवा दांडा २२ ४/८ आणि डावा २१ ७/८ असला, तर मधला ५/८ वजा होतो. अशा प्रत्येक जोडीतील फरक वजा होत जातो, आणि भलत्याच जागी फुटलेला फाटा मिळवण्याऐवजी त्याची पूर्ण लांबी वजा होते. भाच्याच्या तक्त्यात एकूण ३ ७/८ वजा झालेले दिसतात. मला वाटते त्यात एखादा आडवातिडवा फाटा असावा. १३५ हा ढोबळ आकडा झाला, १३१ १/८ हा निव्वळ. गप्पांमध्ये सगळे ढोबळ सांगतात आणि पुस्तकात निव्वळ जातो.

सर्वच संस्था असे करीत नाहीत. सफारी क्लब इंटरनॅशनलच्या पद्धतीत डाव्या-उजव्यातील फरकाची वजावट नाही आणि वाळवण्याची मुदतही नाही, त्यामुळे त्याच शिंगांना दोन पुस्तकांत दोन आकडे मिळू शकतात. म्हणून कोणी आकडा सांगितला की तो कोणत्या पुस्तकाचा, हे आधी विचारावे. मला व्यक्तिशः वजावटीची पद्धत थोडी निष्ठुर वाटते, कारण हरणाने जे वाढवले ते वाढवले. पण आकडा फुगू नये यासाठी ती उपयोगी आहे, हे मान्य करावे लागते.

६० दिवसांचे कारण सोपे आहे. ताजे हाड आणि कवटी ओलसर असतात आणि वाळताना आकसतात, विशेषतः दोन दांड्यांमधले अंतर कमी होते. कोणी शिंगे ओलसर तळघरात ठेवील, कोणी चुलीशेजारी, म्हणून नेहमीच्या खोलीतील तापमानात किमान ६० दिवस वाळवूनच अधिकृत माप घेतात. गॅरेजमधल्या त्या पहिल्या मापाला तिकडे ‘ग्रीन स्कोअर’ म्हणतात. आपण ओली मोजणी म्हणू. कवटी मधोमध चिरलेली असेल तर बून अँड क्रॉकेट ती शिंगे घेतच नाही, कारण चिरलेल्या कवटीवर आतले अंतर पाहिजे तेवढे वाढवून दाखवता येते.

मोजणीदार हे प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक असतात आणि या कामाचे पैसे घेत नाहीत. नोंदवहीत किमान किती लागते हे प्रत्येक प्राण्यासाठी वेगळे ठरलेले आहे. पोप अँड यंगमध्ये टिपिकल पांढऱ्या शेपटीच्या हरणाला १२५ आणि अनियमित घडणीच्या शिंगांना १५५ लागतात. अस्वल आणि पहाडी सिंह यांना शिंगे नसल्यामुळे त्यांच्या वाळलेल्या कवटीची लांबी आणि रुंदी यांची बेरीज धरतात. काळ्या अस्वलासाठी ती १८ इंच लागते.

शंकासूर (परभणी), १३ डिसेंबर

मोजणीचे समजले, आणि ते चोख आहे हेही मान्य. परंतु काकांचा खरा प्रश्न तिसरा होता. टेप शिंगाची लांबी सांगेल. ते हरीण बाणाने पडले की बंदुकीने, कुंपणात कोंडून मारले की रानात, हे टेप कसे सांगणार? शपथपत्रावर विसंबायचे असेल तर आपल्याकडे तहसील कार्यालयाबाहेर शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर हवे ते शपथपत्र मिळत असे, हे आपण सगळे जाणतो.

गोदाकाठ (नांदेड), १३ डिसेंबर

शंकासूर, तुमची शंका रास्त आहे आणि तिचे पूर्ण समाधान होईल असे उत्तर माझ्याकडे नाही. काय व्यवस्था आहे तेवढे सांगतो.

नोंदीसाठी मोजणीदाराच्या सहीचा मूळ तक्ता, शिंगांची समोरून आणि दोन्ही बाजूंनी काढलेली छायाचित्रे, शुल्क आणि ‘फेअर चेस’चे शपथपत्र द्यावे लागते. जनावराला निसटून जाण्याची खरी संधी ठेवून शिकार केली, असा त्या शब्दाचा अर्थ. शपथपत्रात मोघम काही नसते. जनावर खोल बर्फात किंवा पाण्यात अडकून हतबल झालेले नव्हते. चालत्या वाहनातून किंवा यांत्रिक बोटीतून बाण सोडला नाही. रात्री उजेड मारून दिपवले नाही. विष किंवा गुंगीचे औषध वापरले नाही. पळून जाता येणार नाही अशा कुंपणात ते नव्हते. विमानातून कोणी माग सांगितला नाही. जनावर शोधायला वा बोलवायला इलेक्ट्रॉनिक साधन वापरले नाही. अशा एकेका बाबीवर सही होते. क्रॉसबो, म्हणजे घोडा दाबून बाण सोडण्याचे साधन, पोप अँड यंगच्या दृष्टीने धनुष्यच नव्हे, म्हणून त्याने केलेली शिकार तिथे नोंदवली जात नाही. कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाके बसवलेले, धनुष्य पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार बराच कमी होतो. तो ६५ टक्क्यांहून अधिक कमी होत असेल तर असे धनुष्य पूर्वी चालत नसे. ही अट पुढे सैल झाली, तेव्हा जुन्या मंडळींनी बरीच कुरकुर केल्याचे माझे शेजारी सांगत.

शपथपत्राच्या मागे उभा असतो तो सरकारी कागद. विस्कॉन्सिनमध्ये धनुष्याचा परवाना वेगळा, क्रॉसबोचा वेगळा आणि बंदुकीचा वेगळा असतो, प्रत्येकाच्या मोसमाच्या तारखा ठरलेल्या असतात आणि मारलेल्या हरणाची सरकारदरबारी नोंद करणे बंधनकारक असते. भाच्याचे हरीण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातले आहे आणि तिथला बंदुकीचा मुख्य मोसम त्याच महिन्याच्या उत्तरार्धात येतो, म्हणजे तारीख खरी असेल तर बंदुकीचा संशय बराचसा तिथेच मिटतो. शिवाय बेकायदा मारलेले जनावर किंवा त्याची शिंगे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे हा १९०० सालच्या लेसी कायद्यानुसार केंद्रीय गुन्हा आहे. खोटेपणा उघडकीस आला तर क्लब नोंद काढून टाकू शकतो. तेव्हा काका, लगतधारक म्हणाल तर वन्यजीव खाते, बरोबरचे शिकारी आणि छायाचित्र पाहून शंका घेणारे सगळे जण, असे समजा.

वरच्या आकड्यांसाठी आणखी एक पायरी असते. पोप अँड यंग दोन-दोन वर्षांच्या नोंदींचा एक कालखंड धरतो आणि त्यातली सर्वोच्च शिंगे मागवून अनुभवी मोजणीदारांच्या पथकाकडून ती पुन्हा मोजून घेतो. जागतिक विक्रम असा पथकाने मोजल्याशिवाय मान्य होत नाही. टिपिकल पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा धनुष्याचा विक्रम मेल जॉन्सन यांचा आहे: इलिनॉयमधील पिओरिया काउंटी, १९६५, आकडा २०४ ४/८. याउलट १९९८ मध्ये मिशिगनमधील एका धनुर्धराच्या हरणाची शिंगे बंदूक-धनुष्य मिळून असलेल्या २१३ ५/८ या विक्रमालाही मागे टाकतात, असे जाहीर झाले, मासिकांत चित्रे आली, वर्षानुवर्षे वाद झाले; पण ती शिंगे अधिकृत नोंदीसाठी कधीच दाखल झाली नाहीत, त्यामुळे पुस्तकात त्यांना जागा नाही. खोटे होते असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मोजायला आणलेच नाही, तर नोंद नाही, एवढेच.

हा सारा खटाटोप सुरू झाला तो फुशारकीसाठी नव्हता, हेही सांगतो. सॅक्स्टन पोप हे कॅलिफोर्निया विद्यापीठातले शल्यचिकित्सक. १९११ मध्ये ओरोव्हिल गावी रानातून एकटाच बाहेर आलेला ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा शेवटचा माणूस इशी याच्याकडून ते धनुष्य करायला आणि चालवायला शिकले, आणि आर्थर यंग हे त्यांचे शिकारीतले जोडीदार. त्यांच्या नावाने ग्लेन सेंट चार्ल्स यांनी १९६१ मध्ये क्लब उभा केला, तेव्हा धनुष्याने मोठे जनावर स्वच्छपणे मारता येते यावर अनेक राज्यांच्या अधिकाऱ्यांचा विश्वास नव्हता आणि धनुष्याचा स्वतंत्र मोसम मिळवण्यासाठी पुरावा हवा होता. पुरावाच द्यायचा म्हटल्यावर मोजणी कडक ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

जुने_दप्तर (पैठण), १४ डिसेंबर

मोजणीच्या लबाडीचा विषय निघाला आहे, म्हणून आपल्याकडचे थोडे सांगतो. शिकारीच्या मापांची पुस्तके छापण्याची पद्धत लंडनमधील रोलंड वॉर्ड या पेंढा भरणाऱ्या कारागिराने १८९२ मध्ये सुरू केली आणि त्यात हिंदुस्थानातील जनावरेही होती. ब्रिटिश अमदानीत वाघाच्या लांबीवरून मोठा वाद असे. मेलेला वाघ सरळ आडवा करून नाकाशी एक आणि शेपटीच्या टोकाशी एक खुंटी ठोकायची आणि वाघ बाजूला काढून दोन खुंट्यांमधले अंतर मोजायचे, ही एक रीत. दुसरी रीत म्हणजे नाकापासून डोके, पाठ आणि शेपूट यांच्या चढउतारावरून टेप दाबत नेण्याची. तीत तोच वाघ काही इंचांनी वाढतो. कोणत्या रीतीने मोजला हे न लिहिता नुसते ‘दहा फूट’ लिहिलेला वाघ म्हणूनच कोणी गांभीर्याने घेत नसे. व्हाइसरॉय साहेबांसाठी अकरा इंचांचा एक फूट असलेली खास टेप ठेवलेली असे, हा किस्सा तर अजूनही सांगितला जातो. तो खरा की रचलेला, यात मी पडत नाही. पण मोजणीदार शिकाऱ्याचा नोकर नसावा, हे ज्याने हा किस्सा पहिल्यांदा सांगितला त्याला नक्की कळले होते.

काळविटाच्या शिंगालाही पीळ असल्यामुळे पिळावरून टेप नेली तर एक आकडा येतो आणि बुडापासून टोकापर्यंत सरळ धरली तर दुसरा.

वकिली_टिपण (छत्रपती संभाजीनगर), १४ डिसेंबर

निवृत्त_भूकरमापक साहेब, आपल्या वाड्यातील शिंगांविषयी लिहितो, कारण या धाग्यात तीच गोष्ट आपल्या अंगाशी येऊ शकते.

पोप अँड यंगचा प्रश्न येतच नाही, कारण ती नोंदवही केवळ उत्तर अमेरिकेतील जनावरांची आणि केवळ धनुष्याने मारलेल्यांची आहे. आपला प्रश्न १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याचा आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. कायदा येण्यापूर्वीची शिंगे, कातडी, पेंढा भरलेली मुंडकी ज्यांच्याकडे होती, त्यांनी ती कलम ४० नुसार ठरलेल्या मुदतीत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याकडे घोषित करणे आवश्यक होते, आणि त्यानंतर कलम ४२ खाली मालकीचे प्रमाणपत्र मिळत असे. ज्यांचे राहून गेले होते त्यांच्यासाठी २००३ च्या नियमांनी १८० दिवसांची आणखी एक संधी दिली होती. ती मुदत कधीच संपली. प्रमाणपत्र असलेली वस्तू वारसाने पुढच्या पिढीकडे येऊ शकते. मात्र ती विकता येत नाही.

म्हणून शिंगांना टेप लावण्याआधी आजोबांच्या किंवा वडिलांच्या कागदांत ते प्रमाणपत्र शोधावे. मराठवाड्यातल्या पुष्कळ जुन्या घरांत निजामाच्या राजवटीतल्या शिकारीची शिंगे आहेत आणि कागद मात्र नाहीत, असे मी अनेकदा पाहिले आहे. कागद नसेल तर शिंगांचे छायाचित्र कुठेही टाकू नये, भाच्याला पाठवू नये, आणि स्थानिक वकिलाच्या सल्ल्याने विभागीय वन कार्यालयाशी स्वतःहून संपर्क साधावा. २०२२ च्या दुरुस्तीने प्रमाणपत्रधारकांना अशा वस्तू स्वेच्छेने शासनाकडे जमा करण्याची तरतूदही केली आहे, तिचाही विचार करता येईल.

कोणाच्या मनात येण्यापूर्वीच सांगतो: रानडुकरांनी आणि रोह्यांनी शेते उद्ध्वस्त केली तरी धनुष्य घेऊन बाहेर पडता येत नाही. नुकसान करणाऱ्या जनावराबाबत कलम ११ खाली प्राधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि मारलेले जनावर कलम ३९ नुसार शासनाची मालमत्ता ठरते.

निवृत्त_भूकरमापक (अंबाजोगाई), १८ जानेवारी

सर्वांचे मनापासून आभार, विशेषतः गोदाकाठ आणि वकील साहेबांचे. उत्तर द्यायला महिना लागला, कारण ६० दिवस पुरे होण्याची वाट पाहत होतो.

भाच्याने व्हिडिओ कॉल लावून मोजणी दाखवली. मोजणीदार सत्तरीचे गृहस्थ होते; त्यांनी प्रत्येक फाट्याच्या बुडाशी कागदी चिकटपट्टी लावून त्यावर पेन्सिलीने रेघ ओढली आणि फाट्याची लांबी तिथून धरली. आम्ही बांधाच्या निशाणीसाठी चुन्याची फक्की टाकत असू, त्याची आठवण झाली. आकडा मोठ्याने वाचायचा, लिहायचा आणि लिहिलेला पुन्हा वाचायचा, ही सवयही ओळखीची वाटली. गोदाकाठ यांचा अंदाज खरा ठरला: उजव्या दांड्यावर मागच्या बाजूला दीड इंचाचा एक चुकार फाटा आहे. भाच्याला तो फार आवडतो, आणि तोच त्याच्या आकड्यातून वजा झाला. शंकासूर यांच्यासाठी सांगतो की शपथपत्रावर सही करण्याआधी त्या गृहस्थांनी त्याला एकेक बाब मोठ्याने वाचायला लावली आणि झाडावरच्या मचाणापासून हरीण किती अंतरावर होते, बाण कुठे लागला, माग काढायला किती वेळ गेला, असे आडून आडून विचारून घेतले. माणूस खोटे बोलत असेल तर अडखळेल, असा तो प्रकार होता. आम्हीही पंचांना असेच विचारीत असू.

आतले अंतर १७ ३/८ चे १६ ६/८ झाले आणि इतर मापांतही थोडी घट झाली. अंतिम निव्वळ आकडा १३० २/८ आला. कागद क्लबकडे रवाना झाले आहेत.

आजोबांच्या शिंगांचे प्रमाणपत्र अद्याप सापडलेले नाही. थोरल्या भावाच्या म्हणण्यानुसार ते वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत, खरेदीखतांच्या गठ्ठ्यात असावे. पेटीची किल्ली बहिणीकडे आहे, आणि ती मागताना कारण काय सांगावे, याचा मी विचार करीत आहे.